मौजे वलवण येथील पाचोळा

लोणावळ्याच्या वलवणमध्ये दोन प्रकारची माणसं राहतात. एक, शुक्रवारी रात्री येणारी. आणि दुसरी, शुक्रवारी रात्री येणाऱ्यांसाठी शुक्रवारी सकाळी अंगण झाडणारी. आमच्यासारखे बारमाही रहिवासी या दोघांच्या मधे लोंबकळत असतात. शनिवारी चिक्कीवाला आम्हाला पर्यटक समजून हाक मारतो आणि सोमवारी कुरिअरवाला केअरटेकर समजून चार बंगल्यांची पार्सलं आमच्या हातात ठेवून जातो.

झाडांना मात्र शुक्रवार कळत नाही. माघ लागला की गल्लीतला पिंपळ, कोपऱ्यावरची सावर आणि मागच्या उतारावरचे ऐन-किंजळ हात असे सैल सोडतात की सकाळी झाडलेलं अंगण दुपारच्या चहापर्यंत ओळखू येत नाही. आंबा आणि जांभूळ स्वतःला सदाहरित म्हणवतात. म्हणजे पानं तेही टाकतात, फक्त बारा महिने हप्त्याहप्त्याने टाकतात. त्यात बंगलेवाल्यांनी हौसेने लावलेले सिल्व्हर ओक आहेत. या झाडाचं पान पडतं, पण कुजायचं नाव घेत नाही. पुढच्या वर्षीचं पान पडतं तेव्हा मागच्या वर्षीचं त्याच्या स्वागताला हजर असतं.

तर हा सगळा माल शुक्रवारी सकाळी खराट्याने एका कोपऱ्यात जमतो आणि शनिवारी सकाळी त्याला काडी लागते. याच सुमारास मुंबईचा बंगलेमालक जागा होतो. तो एक्स्प्रेसवेचा टोल भरून, घाटातल्या कोंडीत तास-दीड तास काढून, मध्यरात्री वलवणला उतरलेला असतो, तो मुळी स्वच्छ हवेसाठी. तो खिडकी उघडतो, छाती भरून श्वास घेतो आणि बायकोला म्हणतो, ‘‘अगं, बघ, कसा गावाकडचा वास येतोय!’’ वास त्याच्याच अंगणातला असतो. अकराच्या सुमारास तो जुन्या हायवेवरच्या नर्सरीत जातो आणि तीन पोती घेऊन येतो : एक शेणखताचं, एक कोकोपीटचं आणि एक लाल मातीचं. मावळात माती विकत मिळते हे ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याच्या बुद्धीला मी मनोमन नमस्कार करतो. पोती का आणली, तर मागच्या वाफ्यात मेथी धरत नाही. जमीन फार कडक आहे, तिच्यात ‘काहीतरी घालायला हवं’ असं माळ्याने सांगितलंय. ते काहीतरी सकाळी आठ वाजता जळून गेलेलं असतं.

हिशेब बघा. पान झाडायला पैसे. पान जाळायला दोन रुपयांची काडेपेटी. जळालेल्या पानाच्या जागी पोतं आणायला पैसे. आणि घनकचऱ्याचे नियम कोणी वाचलेच, तर उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली ठरवून दिलेला पाच हजारांचा दंड वेगळा. दंड अजून आमच्या गल्लीत कोणाला झालेला नाही. पाचोळ्याचा धूर सोमवारपर्यंत निवतो, आणि तक्रार करणाराही तोवर मुंबईला पोचलेला असतो.

पण सगळा दोष बंगलेवाल्यावर टाकून चालणार नाही. आपल्याकडे अंगणावरून घरातल्या माणसांची लायकी ठरते. पहाटे खराट्याचा आवाज आला नाही तर शेजारी आधी घड्याळ बघतात आणि मग घरात कोण आजारी आहे याची चौकशी करतात. त्यातून आमचं लोणावळं म्हणजे बक्षीसपात्र गाव. स्वच्छ सर्वेक्षणात २०२१ साली एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात विटा पहिलं, लोणावळा दुसरं आणि सासवड तिसरं आलं होतं. अशा गावात पानाने पडावं तरी कुठे?

शिवाय झाडण्याला एक असं कारण आहे जे बागकामाच्या गुळगुळीत पुस्तकांत सापडत नाही. गल्लीतले बंगले झाडणाऱ्या मावशींना मी एकदा समजावत होतो की, पाचोळा वाफ्यांवर तसाच राहू द्या, त्याला आच्छादन म्हणतात, त्याने ओल टिकते, तण दबतं, पुस्तकात लिहिलंय. मावशींनी खराटा थांबवला आणि विचारलं, ‘‘भाऊ, ते पुस्तक घोणशीनं वाचलंय का?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या इंग्रज बाईंकडेही नसावं. घोणस ही पाचोळ्याच्याच रंगाची असते. फुरसंही तिच्याच पंगतीतलं. मण्यार आणि विंचू ही मंडळी दिवसा पाचोळ्याखालीच विश्रांती घेतात. म्हणून मावळात ढिगात हात घालायचा नसतो, लांब दांड्याचं दंताळं घालायचं असतं, आणि ढीग घराच्या भिंतीला टेकून कधी करायचा नसतो. आच्छादनही वाफ्यावर दोन-तीन इंच, रोपाच्या बुंध्यापासून चार बोटं लांब. गुडघाभर थर घालून शेतीप्रेम दाखवू नये.

त्या पुस्तकांची मुख्य अडचण ऋतूंची आहे. तिकडे पान ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतं. माणसं लोकरीचे हातमोजे घालून ते गोळा करतात, तारेच्या जाळीच्या गोल पिंजऱ्यात भरतात आणि दीड-दोन वर्षांनी येऊन बघतात, तर आत काळीभोर, भुरभुरीत, जंगलाच्या वासाची माती. मधल्या काळात काम बुरशीने केलेलं असतं. आमच्याकडे ऑक्टोबरात झाडं हिरवीगार आणि माणसं उकाड्याने पिवळी. पान पडतं फाल्गुनात. म्हणजे पडल्या पडल्या त्याच्या नशिबी तीन महिन्यांचं ऊन, ज्यात ते कुजत नाही, नुसतं पापडासारखं मोडतं. आणि लगेच त्यानंतर चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. या पावसात लोणावळ्यात काय काय कुजतं याची यादी फार मोठी आहे : चपला, पासबुकं, लग्नाचे अल्बम, एकदा तर हार्मोनियमचा भाता. तेव्हा पाचोळ्याची काय कथा? पण उघड्यावर ठेवलेल्या ढिगातला कस पाण्याबरोबर वाहून इंद्रायणीत जातो. देहू-आळंदीच्या बाजूला जमिनी चांगल्या निघाल्या तर त्यात आमच्या गल्लीचाही खारीचा वाटा समजावा.

यावर उपाय मावळाने कधीच शोधून ठेवला होता. जुन्या काळी भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर इरलं असायचं, बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यात पानं बसवलेलं. ढिगालाही पावसाळ्यात असंच पांघरूण लागतं. पाणी आत शिरलं पाहिजे, पण मुक्कामाला राहता कामा नये. इरली आता प्रदर्शनात गेली. आम्ही निळी ताडपत्री घालतो. जुलैमध्ये वलवणच्या धरणाच्या भिंतीवरून खाली पाहिलं तर आमच्या भागात जी निळी ठिगळं दिसतात, त्यांतली निम्मी गळक्या छपरांवरची आणि उरलेली पाचोळ्यावरची. पाहुण्यांना आम्ही सगळीच पाचोळ्यावरची म्हणून सांगतो.

आता मुळात या पानात असतं काय? इथे उत्साही माणसाची निराशा होते. झाड मोठं हिशेबी असतं. भाड्याचं घर सोडताना शहाणा माणूस जसा पंखे, गीझर आणि शक्य झाल्यास नळसुद्धा काढून नेतो, तसं झाड पान टाकण्याआधी त्यातला नत्र, स्फुरद, पालाश असा कामाचा ऐवज खोडात ओढून घेतं. आपल्या अंगणात पडतात त्या उरलेल्या भिंती : कर्ब भरपूर, थोडं कॅल्शियम. म्हणून वाळल्या पानात एका भाग नत्राला पन्नास-साठ भाग कर्ब निघतो, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा असतो तीसच्या आसपास. असला कोरडा पाचोळा थेट वाफ्यात पुरला तर जिवाणू आपली नत्राची भूक भागवायला मातीतलाच नत्र उचलतात आणि आपली वांगी पिवळी पडतात. वांगी पिवळी पडली की शेजारी ‘औषध मारा’ म्हणतो. औषध मारून फक्त वांगी मरतात.

मग नत्र आणायचा कुठून? शेणातून. मावळात शेण ही पूर्वी रस्त्यात पाय घसरायला लावणारी वस्तू होती. आता गुरं कमी झाली, आणि आठवड्याला पाटीभर ताजं शेण कबूल करणाऱ्या माणसाशी आम्ही जावयाशी बोलावं तसं बोलतो. पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर ओला भाजीपाला, वर मूठभर माती, पुन्हा पाचोळा. ढीग तिन्ही बाजूंनी तीन-तीन फूट तरी हवा, नाहीतर तो आतून तापत नाही. नीट जमला तर मधे हात धरवत नाही इतका तापतो, साठ अंशांपर्यंतसुद्धा. डिसेंबरच्या थंडीत आमच्या ढिगातून वाफ निघताना पाहून एका पाहुण्यांनी ‘‘इथे गरम पाण्याचे झरे आहेत का?’’ असं विचारलं होतं. गल्लीतल्या एका बंगलेवाल्याने ती कल्पना जाहिरातीसाठी टिपून घेतली आहे.

हे काम स्वस्तात करायचं तर पुसदचे ना. दे. पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून ‘नाडेप’ ही पद्धत देशभर गेली. विटांचं टाकं, भिंतींत हवेसाठी भोकं, आणि आत चौदा-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण अवघं नव्वद-शंभर किलो. शेणाच्या आजच्या भावात हा माणूस मला संतपदाला पोचलेला वाटतो. मात्र त्याच कृतीत पावणेदोन टन चाळलेली माती लागते हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं. बागेत माती नाही म्हणून खत करायला निघालो होतो, आणि खताला माती लागते पावणेदोन टन! हायवेवरच्या नर्सरीवाल्याला मात्र ही पद्धत फार आवडली.

विलायतेत सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून अल्बर्ट हॉवर्ड यांचं नाव घेतात. त्यांची प्रसिद्ध खतपद्धत होळकरांच्या इंदुरातली, १९२४ नंतरच्या सात वर्षांतली, आणि ती सांगणारं १९३१चं पुस्तक दोघांच्या नावावर आहे : हॉवर्ड आणि यशवंत वाड. जगभरच्या परसबागांत लोक ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, हॉवर्ड म्हणतात. वाडांचं नाव ऐकलंय असा माणूस मला अजून इंदुरातही भेटलेला नाही. आपल्या लोकांचं असंच असतं. ढीग वर-खाली करायला आपण, आणि फोटोला दुसरा.

पण माझ्या मते पाचोळ्याचा खरा इतिहास वलवणच्या पाठीमागच्या खाचरांत आहे, आणि त्याचं नाव राब. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण-गोवऱ्या पसरायच्या, वर झाडांची छाटलेली कवळं, त्यावर पाचोळा आणि गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने विस्तव. आच मंद, धुमसत जाणारी. तणाचं बी आणि किडे भाजून निघतात, राखेतला पालाश मिळतो, आणि पहिल्या पावसात त्या भाजलेल्या तुकड्यात पेरलेलं भात तरारून वर येतं. म्हणजे आमच्या गल्लीतही धूर आणि राबातही धूर. पण राबाचा शेतकरी ते पान रानातून डोक्यावर वाहून आणायचा, मोजून पसरायचा आणि ठरलेल्या तुकड्यावरच जाळायचा. आमचा बंगलेवाला ते कुणाच्या तरी नजरेआड व्हावं म्हणून जाळतो. जळताना कर्ब आणि नत्र दोघांचाही हवेतच जातो, हे मान्य. तरी या दोघांना एकाच कलमाखाली बसवायला माझं मन घेत नाही.

या राबापायी इंग्रज सरकारला मोठा ताप झाला होता. जंगलं राखीव केली आणि सरकारला कळलं की ठाणे-कुलाब्याकडचा कुणबी राबासाठी फांद्या तोडतो, पाला गोळा करतो आणि तो आपला हक्क समजतो. तक्रारी इतक्या झाल्या की १८८५ साली मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. १८८७ साली त्याचा अहवाल आला. कल्पना करा : टोपीवाले साहेब, मामलेदार, वकील, दुभाषे एका तंबूत बसलेत आणि प्रश्न काय, तर पाचोळा कोणाचा? झाड सरकारचं, पान पडलं जमिनीवर, जमीन कोणाची त्यावर वाद, आणि पान उचलणारा तंबूबाहेर उकिडवा बसून विचार करतोय की हे लोक इतके शिकलेले असून यांना घरी काही काम नाही का.

पुढे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांना हिंदुस्थानची शेती सुधारण्यासाठी पाठवलं. ते १८८९ ते १८९१ देशभर हिंडले, आणि १८९३च्या अहवालात त्यांनी राबाचाही विचार केला. एकूण निष्कर्ष असा की इथला रयत चांगला शेतकरी आहे, काही बाबतींत विलायतेच्या सर्वसाधारण शेतकऱ्यापेक्षा सरसच. सुधारायला आलेला माणूस असं लिहून गेला की खात्याची फार पंचाईत होते. मग १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर पन्नास पानांचा शास्त्रीय निबंध लिहिला. त्याच वर्षांत इकडे वलवणला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचं धरण चढत होतं. पाणी अडवून खोपोलीला वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची. मुंबईने त्या विजेच्या बदल्यात पुढे आम्हाला शनिवार-रविवार पाठवले.

गांडुळाचा उल्लेख केल्याशिवाय पाचोळ्यावर लिहिता येत नाही, आणि गांडूळ म्हटलं की डार्विन. या थोर माणसाने आयुष्यातलं शेवटचं पुस्तक, १८८१ साली, गांडुळांवर लिहिलं. गांडुळं पान बिळात ओढताना टोकदार बाजूने ओढतात का, हे पाहायला कागदाचे त्रिकोण कापून अंगणात टाकले. त्यांना ऐकू येतं का, हे तपासायला घरातल्यांना कामाला लावलं. मुलगा बसून नावाचं वाद्य वाजवायचा. उभ्याने की बसून ते पुस्तकात नाही. गांडुळं ढिम्म. पियानो वाजवला, तरी ढिम्म. पण कुंडी पियानोवर ठेवून स्वर वाजवला, तशी थरथर लागून झटकन बिळात गेली. आमच्या भागातल्या गांडुळांना या प्रयोगाची सवय आहे. शनिवारी रात्री भाड्याच्या बंगल्यांत डीजे लागला की सगळी फूटभर खोल जातात आणि सोमवारी वर येऊन कामाला लागतात. भुसभुशीत जमीन हवी तर भिकार गाणी लागतात, असा एक सिद्धांत मी मांडून ठेवला आहे. डार्विन असते तर त्यांनी तपासला असता.

पान लवकर कुजायचं तर ते आधी बारीक व्हावं लागतं. गुलमोहर, शिरीष, गिरिपुष्प यांची पानं इतकी लहान की पावसाच्या दोन सरींत दिसेनाशी होतात. गिरिपुष्प तर उलटा उदार. त्याची हिरवी पानंच नत्राने भरलेली. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत म्हणूनच त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात घालतात. पिंपळाच्या पानाची जाळी उरते. मुली तिच्यावर गणपती रंगवतात. आंबा, जांभूळ आणि साग मात्र चिवट. परदेशी माणूस यांच्यावरून गवत कापायचं यंत्र फिरवतो. आम्ही मुंबईकर फिरवतो. शुक्रवारी संध्याकाळी जांभळाची पानं सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर दाट पसरायची आणि आपण स्वस्थ बसायचं. रात्री अकरापासून गाड्या सुरू होतात. शनिवारी सकाळी न्याहारीला जायला एकदा, पॉइंट बघायला एकदा, तो धुक्यात दिसला नाही म्हणून दुसऱ्या पॉइंटला एकदा, रात्री विसरलेलं सोडा-बर्फ आणायला एकदा. रविवारी संध्याकाळी परतीची रांग लागेपर्यंत पानांचा असा सुरेख भुगा झालेला असतो की पुण्या-मुंबईच्या कोणत्याही दुकानात तसा मिळणार नाही. त्यातून चिक्कीचे कागद तेवढे वेचून काढायचे. पेट्रोल त्यांचं, टायर त्यांचे. पर्यटनामुळे स्थानिकांना काही मिळत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं.

दोन-तीन पावसाळे हे केल्यावर मागच्या वाफ्यांत जे झालं ते चमत्कार नव्हे. वांगी नारळाएवढी झाली नाहीत. पाचोळ्याने रोपाला खाऊपिऊ फारसं मिळत नाही, त्याला राहायला बरं घर मिळतं. पूर्वी खुरपं मारलं की लाल ढेकूळ विटेसारखं उचकटून यायचं आणि उन्हाळ्यात भेगा पडायच्या. आता खुरपं आत जातं, आणि एप्रिलमध्ये एक दिवस पाणी घालायला विसरलं तरी पालक मान टाकत नाही. पावट्याच्या शेंगा चांगल्या भरल्या. त्या वानरांनाही आवडल्या. पूर्वी ती आमच्या बागेला नुसता वळसा घालून जायची; आता सहकुटुंब येतात, हा मी जमिनीचा पोत सुधारल्याचा पुरावा मानतो.

खरा घोटाळा इथून पुढे. वस्तूला कोणी हात लावत नाही तोवर ती कचरा असते. एकाने जपून ठेवली की ती मालमत्ता होते. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ची मंडळी २०१६पासून नको असलेला पाचोळा हवा असलेल्यापर्यंत पोचवतात. जाळायचा पाचोळा पोत्यांत भरून कोणी दुसराच आनंदाने घेऊन जातो, हे मी गल्लीत कौतुकाने सांगितलं. ते सांगायला नको होतं असं आता बायको म्हणते. दुसऱ्याच आठवड्यात शेजारचे काका कुंपणाशी आले. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या आवारातल्या जांभळाच्या फांद्या आमच्या बाजूला झुकलेल्या आहेत.

‘‘नाही, म्हटलं, आमच्या जांभळाचा पाचोळा तुम्ही वापरता ना?’’

‘‘आमच्या अंगणात पडतो तो वापरतो, काका.’’

‘‘तेच म्हणतो मी. मूळ आमच्याकडे आणि व्याज तुमच्याकडे, असं चाललंय.’’

प्रकरण चैत्रातल्या सोसायटीच्या सभेत गेलं. सेक्रेटरींचं म्हणणं, आतल्या रस्त्यावर पडलेलं प्रत्येक पान ही सामाईक मालमत्ता, आणि मी तिच्यावरून परस्पर गाड्या फिरवून घेतो हे उपविधीत कुठे बसतं ते दाखवा. काकांनी फांदीच्या सावलीचं क्षेत्रफळ काढून आणलं होतं. मुंबईचे एक सभासद फोनवरून सामील झाले; त्यांना पाचोळ्याचं धोरण हवं होतं, आणि ते ठरेपर्यंत झाडांनी थांबावं असा त्यांचा सूर होता. एका वहिनींनी प्रत्येक बंगल्याला गाळ्याच्या आकारमानानुसार पाचोळा वाटण्याची सूचना मांडली. तिला लगेच हरकत आली, कारण त्यांच्या आवारात नुसता सिल्व्हर ओक आहे आणि आपला सिल्व्हर ओक देऊन दुसऱ्याचा पिंपळ घेण्याचा त्यांचा डाव सगळ्यांनी ओळखला. कोणीतरी टेंडर काढा म्हणालं. फॉरेस्ट कमिशनच्या तंबूत यापेक्षा बरं बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

दीड तासाने असं ठरलं की आधी मोकळ्या प्लॉटवर भरून ठेवलेली सामाईक पोती मोजावीत. आम्ही सगळे उठून तिकडे गेलो. प्लॉट लख्ख झाडलेला होता. एका कडेला खराटा टेकवून मावशी पाणी पीत बसल्या होत्या.

‘‘मावशी, पोती कुठायत?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘‘गेली की दुपारीच. भाच्याचा टेंपो आल्ता. दिरानं राब भाजायला काढलाय, त्याला पाला कमी पडत हुता.’’ मग आमचे चेहरे बघून त्यांनी समजूत घातली, ‘‘तुमचं ठरंस्तवर पाऊस आला असता, सायेब. आन् पुढच्या टायमाला पोती जरा बरी द्या, दोन फाटली वाटंत.’’

सभा पुन्हा भरली. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं : ‘विषय क्रमांक पाच, पाचोळा. सविस्तर चर्चा झाली. माल शिल्लक नसल्याने विषय पुढील फाल्गुनापर्यंत तहकूब. रिकामी पोती परत मागवण्याचं सर्वानुमते ठरलं.’